भावाच्या मणक्यात स्टेम सेल सोडायचं म्हणतायत, साडेचार लाख सांगितलेत, कोणी केलंय का?

खारेगाव_ताई
नमस्कार. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही कळव्याला राहतो, आई, मी आणि धाकटा भाऊ, वय २७. मे महिन्यात तो गावी गेला होता, संगमेश्वरकडे, आंबे उतरवताना फांदी मोडली आणि पाठीवर पडला, खाली जांभ्याचा गडगा होता. रत्नागिरीला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सने मुंबईला, ऑपरेशन झालं, रॉड आणि स्क्रू टाकलेत. डी १० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी मार आहे. बेंबीच्या खाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत, लघवी-संडासवर ताबा नाही. डिस्चार्जच्या कागदावर आशिया स्केल ए लिहिलंय, म्हणजे पूर्ण मार. सात महिने झाले.

गेल्या आठवड्यात ओळखीतून एका क्लिनिकचा पत्ता मिळाला, नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी लॅमिनेट केलेले फोटो दाखवले, आधी व्हीलचेअरवर, नंतर वॉकर धरून उभे. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढणार, त्यातून पेशी वेगळ्या करणार आणि त्याच दिवशी पाठीत सुईने सोडणार. तीन सिटिंग, प्रत्येकी दीड लाख, त्यात १५ दिवस राहून फिजिओ. महिनाअखेरच्या आत पैसे भरले तर ५० हजार कमी करतील म्हणाल्या.

आईने गावची दहा गुंठे काढायची ठरवलीच आहेत, काका घ्यायला तयार आहेत. त्यात बुधवारी काय झालं, आई सकाळी त्याचं पांघरूण काढत होती आणि डाव्या पायाचा अंगठा आपोआप उडाला. आई ओरडलीच, बघ गं हलला. तेव्हापासून देवापुढे नारळ ठेवलाय आणि ती माझं काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही. मलाही कळत नाहीये. नाही केलं आणि उद्या वाटलं की करायला हवं होतं, तर आयुष्यभर स्वतःला माफ करता येणार नाही. कोणी केलं असेल तर प्लीज खरं काय ते सांगा.

रानजाई
ताई, मी फिजिओ आहे, ठाण्यातच, १४ वर्षं झाली, त्यातली बरीच अशाच पेशंटबरोबर. आधी अंगठ्याचं बोलते कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. पांघरूण ओढलं, गार हवा लागली, पायाला धक्का बसला की अंगठा उडतो, गुडघा वाकतो, कधी पूर्ण पाय थरथरतो, त्याला स्पाझम म्हणतात. माराच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो आणि तो वरून हुकूम न येता स्वतःच उत्तर देतो. पडल्यानंतर सुरुवातीचे काही आठवडे सगळं थंड असतं आणि मग हे सुरू होतं, म्हणून प्रत्येक घरात वाटतं की आता परत यायला लागलं. स्वतः हलवणं म्हणजे तुम्ही 'हलव' म्हटल्यावर हलणं. त्याला डोळे मिटायला सांगून विचारा, अंगठ्याला हात लावलाय का, कुठल्या. ते दर महिन्याला तपासून लिहून ठेवा.

आणि कृपा करून सांगा, लघवीचं काय करताय? कायमची नळी आहे की दर चार-सहा तासांनी घालून काढताय? कूस किती वेळाने बदलताय? गादी कुठली आहे? मला पैशांपेक्षा याची काळजी वाटते.

खारेगाव_ताई
नळी कायमची आहे, पंधरा दिवसांनी बदलायला ब्रदर (पुरुष नर्स) येतो. दोनदा ताप येऊन गेला. कूस दर दोन तासांनी, मी आणि आई आळीपाळीने, मोबाइलला अलार्म लावलेत. एअर बेड आहे.

मोगरा_८
माझ्या भाचीच्या नवऱ्याने केलं होतं, त्याला बरं वाटलं. बसायला लागला, आधी आधार लागायचा. सगळेच फसवतात असं नाही हो, आणि आशेवर माणूस जगतो. पैसे काय परत येतील, पोरगा तरुण आहे. माझं मत आहे करून बघा, नाही फरक पडला तर निदान मनाला समाधान की आपण सगळं केलं.

पारसिक
मोगराताई, तुमच्या घरातल्या माणसाला बरं वाटलं याचा आनंदच आहे, पण मला त्यावर बोलायचंय. मी बायोटेकमध्ये एमएस्सी केलंय, आता लॅबमध्ये पेशी वाढवण्याचंच काम करतो, डॉक्टर नाही हे आधी सांगतो.

स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, हे एकच नाव अगदी वेगवेगळ्या गोष्टींना लावतात आणि सगळा घोळ तिथेच आहे. ताईंना जे सांगितलंय ते बोन मॅरोतल्या पेशी, म्हणजे मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या. त्या पाठीत सोडल्या म्हणून मज्जातंतू बनत नाहीत. करंगळीएवढ्या जाडीच्या मज्जारज्जूतून मेंदूपासून आलेले लाखो धागे जातात, ते दबले किंवा तुटले की टोकं मागे सरतात, आसपासच्या धाग्यांवरचं मायलिनचं आवरण जातं, मग जखमेभोवती चट्टा धरतो आणि आत बरेचदा पोकळी होते. ती पोकळी ओलांडून नवे धागे नेमक्या जागी नेऊन जोडायचे हे काम आहे. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सुईने पेशी सोडून त्या आपोआप तिथे जाऊन जोडणी करतील असं आजवर कोणी दाखवलेलं नाही.

खरं संशोधन कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर वाटेल मी नुसता नाही म्हणतोय. अमेरिकेत २०१० मध्ये जेरॉन कंपनीने भ्रूणपेशींपासून तयार केलेल्या, मायलिन बनवणाऱ्या पेशी पहिल्यांदा माणसाच्या मणक्यात घातल्या, पाच पेशंट झाले आणि २०११ मध्ये पैशाच्या कारणाने कंपनीने तो प्रकल्प बंद केला, पुढे दुसऱ्यांनी नेला. जपानमध्ये यामानाका सरांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या कातडीच्या पेशी मागे नेऊन मूळ पेशींसारख्या करून दाखवल्या, पुढच्या वर्षी माणसाच्याही, २०१२ चं नोबेल त्यावरच. अशा मागे नेलेल्या, म्हणजे आयपीएस, पेशींपासून मज्जातंतूंच्या पूर्वज पेशी करून टोकियोच्या केओ विद्यापीठाने २०२१ च्या डिसेंबरपासून चार पेशंटना घातल्या, प्रत्येकी २० लाख पेशी, ऑपरेशन करून थेट जखमेत. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की चारपैकी दोघांत सुधारणा दिसली, एक जण उभा राहून चालायचा सराव करतोय. पण हे चारही पेशंट पडल्यापासून दोन ते चार आठवड्यांतले होते. आणि इतक्या ताज्या माराला काहींमध्ये आपोआपही सुधारणा होते, म्हणून तेच लोक म्हणतात अजून मोठी ट्रायल, म्हणजे पेशंटवरची चाचणी, हवी.

मोगराताईंच्या जावयांचं त्यामुळेच विचारतो, त्यांना पडून किती महिने झाले होते आणि त्या काळात फिजिओ किती चालू होतं?

मोगरा_८
चार महिने झाले होते. फिजिओ तिथे रोज तीन तास होतं, घरी एवढं नव्हतं. तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, यातलं काय कशामुळे झालं ते मला खरंच सांगता येणार नाही. मी फक्त ताईला धीर द्यायला लिहिलं होतं, कोणाला चुकीच्या वाटेला लावायचं नव्हतं.

रानजाई
मोगराताई तसं कोणी समजत नाहीये. डी लेव्हलच्या पेशंटला रोज तीन तास नीट करून घेतलं तर महिन्या-दीड महिन्यात तो आधाराशिवाय बसायला शिकतो, हातांनी आणि वरच्या पाठीने तोल धरतो. हे मी डोळ्यांसमोर कित्येकदा पाहिलंय, कसलंही इंजेक्शन न देता.

डी१२
हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी स्वतः पेशंट आहे, नेरूळला राहतो, २०१४ चा अपघात, सायन-पनवेल हायवेवर बाइकचा. आयडीवरून लेव्हल कळेलच. मी २०१६ मध्ये हेच केलं, बोन मॅरोचं, दुसऱ्या शहरात, तीन सिटिंग. वडिलांनी रिटायर होऊन आलेल्या पीएफमधून साडेपाच लाख दिले.

काय होतं ते जसंच्या तसं सांगतो. पालथं झोपवून कमरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने काढतात, माझा मार खाली असल्यामुळे मला तिथे थोडं कळत होतं आणि आत ओढल्यासारखं होतं. चार-पाच तासांनी कुशीवर वळवून पाठीत सोडतात. नंतर तीन दिवस डोकं असं दुखलं की उठून बसवलं की फुटेल असं वाटायचं आणि आडवं केलं की कमी. मग रोज फिजिओ. मी एक वही केली होती, मांडीत मुंग्या आल्या की तारीख आणि वेळ लिहायचो. पहिल्या महिन्यात २६ नोंदी आहेत. तिसऱ्या महिन्यात चार. पुढे वही कोरी आहे. ती वही अजून घरात आहे, टाकवत नाही. एकूण मला पायात काही आलं नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिथे १५ दिवस मला दिवसाला सहा-सात तास साध्या खुर्चीत बसवायचे, चांगली उशी नाही, मधे उचलणं नाही, कोणी कातडी बघायचं नाही, सगळ्यांचं लक्ष पाय हलतात का यावर, माझंही. घरी आल्यावर आईला माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला, बोटाने दाबला तरी पांढरा होत नव्हता. आम्हाला वाटलं घासलं असेल, पावडर लावली. दहा दिवसांत वरची कातडी काळी पडली आणि ड्रेसिंगवाल्याने उघडून बघितलं तर वरून रुपयाएवढं आणि आत मूठ जाईल एवढं. प्लास्टिक सर्जनकडे फ्लॅप करावा लागला, म्हणजे शेजारची कातडी-मांस सरकवून जखम झाकायचं ऑपरेशन. आठ महिने पालथा होतो. आठ महिने मी फक्त फरशी बघितली, आमच्या हॉलच्या फरशीवर किती ठिपके आहेत ते मला अजून पाठ आहे. जी ताकद खांद्यांत कमावली होती ती सगळी गेली. साडेपाच लाख गेले त्याचं वडिलांनी कधी तोंडातून काढलं नाही, पण ती आठ महिने मला परत हवी आहेत.

ताई, तुमच्या भावाची कायमची नळी काढता येते का ते युरोलॉजिस्टला विचारा. ताप येतोय तो त्यामुळेच असू शकतो. दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून काढणं मी आठवड्यात शिकलो, आरशाचीही गरज लागत नाही, हात चांगले आहेत ना त्याचे. त्या एका गोष्टीने मी घराबाहेर पडलो.

नेरूळकर_काका
डी१२, तुमची पोस्ट वाचून सुन्न झालो. ताई, एक कामाचं सांगतो. मी निवृत्त आहे, औषध कंपनीत कागदपत्रांचंच काम केलं. २०१७ च्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आपल्या देशात रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडून दुसरी कुठलीही स्टेम सेल थेरपी नेहमीचा उपचार म्हणून द्यायला मान्यता नाही. मणक्यासाठी द्यायची तर नोंद केलेल्या ट्रायलमध्येच. ट्रायलला सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर असतो, आधी सीटीआरआय, मग साल, मग महिना, मग आकडे. साइटवर तो नंबर टाकून कोणालाही फुकट बघता येतं, कुठे चालू आहे, कोणत्या लेव्हलचे, किती दिवसांच्या आतले पेशंट घेणार, सगळं. आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. फोन करून फक्त नंबर मागा, दुसरं काही बोलू नका.

पारसिक
काकांच्या सांगण्यात थोडी भर. बोन मॅरोची ट्रायल आपल्याकडे झालीच नाही असं नाही. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरने २१ ताज्या, पूर्ण मार असलेल्या पेशंटवर केली, २०१६ मध्ये छापली. सुरक्षित आहे एवढं दिसलं, उपयोग झाल्याचं दिसलं नाही, आणि त्यांनी तसं सरळ लिहिलं. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने चरबीतल्या पेशी लॅबमध्ये वाढवून दहा जणांच्या पाठीत सोडल्या, २०२४ मध्ये छापलंय, सात जणांत आशिया स्केलवर सुधारणा दिसली, पण त्यातही तुलनेला इंजेक्शन न दिलेला गट नव्हता, ती पहिली पायरी होती. जपानने स्टेमिरॅक नावाचं पेशंटच्याच पेशींचं औषध २०१८ च्या शेवटी अटींसह सात वर्षांपुरतं मंजूर केलं तेव्हा त्यावर जगभरातून टीका झाली, १३ पेशंटच्या जोरावर दीड कोटी येनचं औषध कसं देता म्हणून. तेही पडल्यापासून ३१ दिवसांच्या आत बोन मॅरो काढला तरच.

आणि 'नाही फायदा तर नुकसान तरी काय' असं बरेच जण म्हणतात म्हणून हेही लिहितो. एका बाईंच्या पाठीत नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशी घातल्या होत्या, आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली, बघितलं तर तिथेच गाठ आणि त्यात नाकासारखाच चिकट स्राव. ऑपरेशन करून काढावी लागली. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पेशी म्हणजे गोळी नाही, लघवीवाटे निघून जात नाही.

खारेगाव_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला लिहायला हवं पण हात थरथरतायत. आज दुपारी फोन केला. मी म्हटलं मला सीटीआरआय नंबर द्या. त्या म्हणाल्या ते डॉक्टरांकडे असतं, तुम्ही या मग दाखवू. मी म्हटलं व्हॉट्सॲप करा. मग म्हणाल्या ही ट्रायल नाही, हा पेशंटच्याच शरीरातला घटक आहे म्हणून नंबर लागत नाही. मी विचारलं बेडसोर झाला तर कोण बघणार, तर फोन होल्डवर ठेवला. नंतर दुसऱ्या नंबरवरून फोन आला की तुमच्यासाठी अजून २५ हजार कमी करतो.

आईला डी१२ दादांची पोस्ट वाचून दाखवली. फरशीच्या ठिपक्यांचं आल्यावर ती उठून आत गेली. जमीन घेणाऱ्या काकांना तिने अजून नाही म्हणून कळवलेलं नाही, पण जमिनीचे कागद कपाटात ठेवलेत. माझ्या मनातून अजून पूर्ण जात नाही, खोटं बोलणार नाही. पाच वर्षांनी खरंच काही निघालं तर?

रानजाई
निघालं तर त्या दिवशी त्याचे घोटे, गुडघे वाकते हवेत, हाडं ठिसूळ झालेली नकोत, किडनी चांगली हवी, कातडी अखंड हवी. हे सगळं आत्ताच्या रोजच्या कामात आहे ताई. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारचं, तिथे दाखवा, पायाला लावायच्या कॅलिपरपासून नळीचं शिकवण्यापर्यंत सगळं एका जागी बघतात. आणि सिव्हिलला यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या, कार्डाचं करून घ्या, केलं नसेल तर.

खारेगाव_धाकटा
मी तोच, झाडावरून पडलेला. ताईने लॅपटॉप इथेच उघडा ठेवला होता, सगळं वाचलं, आता स्वतःचा आयडी केला.

अंगठा मी हलवला नव्हता. मला त्याच दिवशी माहीत होतं, कारण तो हलला तेव्हा मी खिडकीकडे बघत होतो, आई ओरडल्यावर मला कळलं. तिचा चेहरा बघून बोलवलं नाही. आणि इंजेक्शन मला हवं होतं, आईपेक्षा मलाच जास्त हवं होतं, ते फोटो मी झूम करून करून बघितलेत. जमीन विकायला मी नाही म्हणत नव्हतो याची आता लाज वाटते.

डी१२ दादा, मला दोन गोष्टी विचारायच्यात. मी ऐरोलीला कामाला होतो, कंपनी घरी लॅपटॉप पाठवायला तयार आहे, पण मी वीस मिनिटं बसलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे जातं का? आणि तुम्ही नेरूळहून कुठेही एकटे जाता का?

डी१२
जातं. पोटाला रुंद पट्टा बांधून बसायचं, आधी पाठ अर्धी वर करून दहा मिनिटं, मग पूर्ण, पाय एकदम खाली सोडायचे नाहीत. रोज पाच मिनिटं वाढव. अंधारी आली की मागे रेलायचं. मला दोन महिने लागले. माझी गाडी हातावरच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरची आहे, ऑफिसला, बाजाराला, अलिबागला सगळीकडे एकटा जातो, खुर्ची मागच्या सीटवर स्वतः ओढून घेतो.

खुर्ची कुठली आहे तुझी?

खारेगाव_धाकटा
मेडिकलवाल्याकडची भाड्याची, मोठी, स्टीलची. त्यावर रबराची गोल रिंग ठेवून बसतो.

डी१२
ती रिंग आजच काढ. मधे भोक असतं तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कडेला दाब येतो. पैसे खर्च करायचेच तर मापाच्या खुर्चीवर आणि हवेच्या चांगल्या उशीवर करा. बसल्यावर कमरेच्या सगळ्यात रुंद जागी माप घ्यायचं, सीट त्याहून एखादा इंच जास्त, बस. मोठ्या खुर्चीत माणूस एका कुशीवर कलतो आणि पाठ वाकडी होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन उचलायचं किंवा पुढे वाकायचं, मिनिट-दोन मिनिटं. गरम पाण्याची पिशवी पायाजवळ आणायची नाही, भाजलेलं कळत नाही.

रविवारी मी ठाणे-बेलापूर रोडने कळव्याला येतो, माझी जुनी उशी आहे, चांगली आहे, ती आणतो आणि माप घेतो. मजला कितवा?

खारेगाव_ताई
दुसरा. लिफ्ट नाही दादा. तो जूनपासून खाली उतरलेला नाही.

डी१२
मग मला वर येता येणार नाही, त्याला खाली आणावं लागेल. चार जण लागतील. खुर्ची मागे तिरकी करायची, सगळ्यात ताकदीचे दोघं मागे, दोघं पुढे, पकड फ्रेमलाच, हातांच्या पट्ट्या आणि पायठेवणं निघून हातात येतात. पट्टा छातीला बांधा. नळीची पिशवी मांडीवर ठेवा, खाली लोंबकळत अडकली तर ओढली जाईल. आधी रिकामी खुर्ची एकदा उतरवून बघा.

खारेगाव_धाकटा
बिल्डिंगमधल्या चौघांशी बोललो, क्रिकेटवाली आमचीच पोरं आहेत, लगेच हो म्हणाले. रविवारी ११ वाजता गेटपाशी. शिवणाचा टेप आईकडे आहे.